अकराव्या मजल्यावरची कानबाई

मुंबई ही महाराष्ट्राची राजधानी, हे मी असोद्याच्या शाळेत घोकून घोकून पाठ केलं होतं. पुढे जळगावची जिनिंग फॅक्टरी बंद पडली, तिथे फिटर असलेल्या नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मुंबईकडच्या एका कारखान्यात काम मिळालं आणि आम्ही चौघं राजधानीत राहायला गेलो. तेव्हा कळलं की राजधानी आमच्या घरापासून बरीच लांब सुरू होते. आमच्या वाट्याला आली ती तिची कड. मिठागरं बुजवून केलेल्या जमिनीवर बारा-बारा मजल्यांच्या इमारती ओळीने उभ्या होत्या, काहींना रंग लागलेला, काहींच्या अंगावर अजून बांबूच्या परांच्या. पलीकडे खाडी, अलीकडे खडीचे ढीग, आणि मध्ये एक रस्ता जो कुठे जातो हे पहिले सहा महिने आम्हाला ठाऊक नव्हतं. बस यायची, पण तिला यायचं असेल तेव्हा. दुकानं दोन, दवाखाना एक, झाड एकही नाही. कारखान्याने आपल्या माणसांसाठी त्यातल्या एका इमारतीत खोल्या घेतल्या होत्या आणि आमची खोली निघाली अकराव्या मजल्यावर. असोद्यात सगळ्यात उंच काय होतं म्हणाल तर मारुतीच्या देवळाचा कळस. त्याच्यावर कोणी राहायला जात नाही.

आईने त्या उंचीशी कधी भांडण केलं नाही, पण दोस्तीही केली नाही. गॅलरीत कपडे वाळत घालताना ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. वारा असा की बिबड्या वाळत टाकल्या तर ज्वारीच्या त्या चकत्या उडून खालच्या आठ-दहा गॅलऱ्यांत जाऊन पडत, आणि मग मी आणि धाकटा दिलीप मजल्यामजल्यावर बेल वाजवून आमचं वाळवण गोळा करत फिरायचो. एकदा एका सिंधी बाईंनी, आकाशातून पडलंय म्हणजे देवानेच दिलं असेल असं समजून, त्या तळून खाऊनही टाकल्या होत्या. वर मला विचारलं, अजून आहेत का? भरताचं तर काही विचारू नका. वांगी गॅसवर भाजून भाजून आई हैराण व्हायची, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या काड्यांच्या, जाळाची चव येत नाही म्हणून चिडायची, आणि मग तो राग बडगीत काढायची. बडगी म्हणजे आमच्याकडची लाकडी, होडीसारखी. तिच्यात मिरच्या आणि वांगी ठेचतात. तिचा धपधप आवाज सुरू झाला की खालच्या मजल्यावरचे गृहस्थ छताला काठी ठोकायचे. आई म्हणायची, "पाह्य, त्याले बी भरत पाहिजे." त्यांच्या काठीचा अर्थ तिने शेवटपर्यंत तसाच लावला.

समोरच्या दारात मालवणच्या परबकाकू राहायच्या. आईचं लेवा बोलणं त्यांना कळायचं नाही आणि त्यांचं मालवणी आईला, पण दोघी रोज दुपारी दारं उघडी टाकून आपापल्या उंबऱ्यात बसत आणि तास-तासभर बोलत. काय बोलत देव जाणे. मी शाळेतून यायची तर एकीच्या हातात सोललेली कोलंबी आणि दुसरीच्या हातात निवडलेली मेथी, आणि दोघींच्या डोळ्यांत पाणी. आज साठी उलटल्यावर मला वाटतं, त्या दोघी एकच गोष्ट बोलत असाव्यात. ती समजायला भाषा लागत नाही.

असोद्याशी आमचं नातं टिकवून होता तो मधू. तो गावचाच, केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर. आठवड्याला त्याचा एक फेरा असायचा, आणि महिन्यातून एकदा तरी तो मुंबईच्या बाजारात माल उतरवून आमच्याकडे यायचा आणि लिफ्टमधून केळीचा एक घड खांद्यावर घेऊन वर यायचा. तो घड भाऊंनी पाठवलेला असायचा. भाऊ म्हणजे नानांचे थोरले भाऊ. त्यांना सगळं गाव भाऊ म्हणायचं, आम्ही पोरंही भाऊच म्हणायचो. आजी-आजोबा लवकर गेले, तेव्हा भाऊंनीच नानांना वाढवलं, शिकवलं, लग्न करून दिलं. त्यांच्यासमोर माझी आई डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून घ्यायची आणि एक अक्षर बोलायची नाही. काही सांगायचं असेल तर मला किंवा मोठ्या आईला, म्हणजे भाऊंच्या बायकोला, मध्ये घालायची. वीस वर्षांच्या संसारात त्या दोघांचं एकमेकांशी थेट बोलणं झालेलं मी पाहिलं नाही, आणि एकमेकांबद्दल त्यांना किती वाटायचं हेही मला ठाऊक आहे.

वर्षातून एकदा मात्र आम्ही असोद्याला असायचोच. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, कानबाई बसते तेव्हा. खान्देशाबाहेरच्या माणसाला कानबाई सांगायची म्हणजे पंचाईत. नारळालाच डोळे, नाक, नथ लावून देवीचं रूप देतात, पाटावर बसवतात, केळीच्या खांबांचा मांडव करतात, रात्रभर जागतात आणि सोमवारी वाजतगाजत नदीला नेतात. पण खरी कानबाई रोटात असते. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या, अगदी पाळण्यातल्या पोराच्याही नावाने सव्वा मूठ गहू मोजायचे, घरच्या जात्यावर दळायचे आणि त्याचे जाड रोट करायचे. ते फक्त त्या घरच्यांनी, पौर्णिमेच्या आत खायचे. शेजाऱ्याला नाही, पाहुण्याला नाही, सासरी गेलेल्या लेकीलाही नाही. बाकी पुरणपोळी म्हणा, खीर म्हणा, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी म्हणा, गावजेवण घाला, पण रोट घरचा. भाऊ ओट्यावर बसून एकेक नाव मोठ्याने घ्यायचे आणि मोठी आई सुपात मूठ टाकायची. आधी भाऊंचं नाव, भागवत. मग नारायण, म्हणजे नाना. मग भाऊंचे प्रल्हाद आणि मुरली, मग आमचा दिलीप. मुलींच्या नावाची मूठ नव्हतीच. त्यामुळे माझं नाव कुठूनच गळायचा प्रश्न आला नाही, असं मी हल्ली गमतीने म्हणते, पण त्यात गंमत काही नाही.

त्या वर्षी श्रावण लागायला आणि दिलीपला कावीळ व्हायला एक गाठ पडली. सात वर्षांचं पोर हळदीसारखं पिवळं झालं. डॉक्टरांनी बजावलं, हलवायचं नाही, प्रवासाचं नाव काढायचं नाही. नानांना रजा मिळेना.  नाना म्हणाले, "औंदा आपलं जानं नही. तठी भाऊ आपली मूठ टाकतीनच." खरं तर गोष्ट तिथेच संपायला हवी होती. भाऊंनी मूठ टाकलीच असती. पण आई दिलीपच्या उशाशी बसलेली होती. त्याच्या डोळ्यांचा पिवळेपणा ती दिवसातून वीस वेळा खिडकीच्या उजेडात नेऊन पाहायची. तिच्या मनाने घेतलं की देवीच्या समोर पोर गेलं नाही तर देवी पोराकडे पाहणार नाही.

"पोऱ्या देवीकडे जाऊ शकत नही," ती म्हणाली, "तं देवीले पोऱ्याकडे आनू. आठीच बसवू."

नाना म्हणाले, "आसं बसवतात का? भाऊले इचारलं पाहिजे."

"इचारा ना मंग. मी कोठी नही म्हनते?"

नाना विचारायला गेले. त्या काळी असोद्याला फोन होता तो किराणा दुकानात. ट्रंक कॉल लावायचा, आणि मग पोस्टाच्या बाकावर बसून राहायचं. नाना शनिवारी आठवडी सुट्टीचा अख्खा दिवस त्या बाकावर बसले. आधी जळगाव लागेना, मग जळगाव लागलं तर असोदा लागेना. संध्याकाळी खिडकी बंद झाली. ते घरी आले, दिलीपकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि म्हणाले, "बसव. औंदापुरती." माझ्या वडिलांना देवाधर्मातलं फारसं कळायचं नाही. घरचं सगळं भाऊ पाहायचे, त्यामुळे कळायची गरज पडली नव्हती. आणि आईला जे कळायचं ते अर्धंच. तिचं लग्न सोळाव्या वर्षी झालं, सासू तोंड पाहायलाही नव्हती. घराण्याचे नेम तिला सांगणार कोण? रोट कसे करायचे हे तिला येत होतं. नवा नारळ बसवला की काय होतं, हे तिला माहीत नव्हतं.

केळीचे खांब मधू शनिवारीच, बाजारात जाताना, आणून टाकून गेला होता. त्याच आठवड्यात मधूचा फेरा होता आणि त्याला आईने आधीच्या आठवड्यातल्या खेपेला नुसतं सांगून ठेवलं होतं, पूजा आहे, दोन खांब आणशील का. त्याने भाऊंना सांगितलं, नानाकडे पूजा आहे. भाऊ स्वतः शेतात गेले. मळ्याच्या कडेची, घड उतरलेली केळ नाही, चांगली उभार केळ निवडली, पानं फाटू नयेत म्हणून गोणपाटात बांधून दिली. सत्यनारायण असेल असं त्यांना वाटलं. हे सगळं आम्हाला पुढच्या वर्षी कळलं, आणि कळल्यावर आईने जेवण सोडलं होतं. 

दळायचं कुठे, हा प्रश्न होता. गिरणीत नेलं तर दुसऱ्याच्या पिठात मिसळणार. परबकाकूंनी कुळीथ भरडायला मालवणहून आणलेलं एक छोटं जातं होतं, ते त्यांनी काढून दिलं. ते सकाळी सुरू झाल्याबरोबर खालच्या गृहस्थांची काठी वाजली. या वेळी ते वरही आले. दारात उभे राहून पाहिलं तर आई ओलेत्याने दळते आहे, पोर खाटेवर पिवळं पडलेलं, आणि परबकाकू दारातून त्यांना गप्प राहायची खूण करताहेत. ते तसेच जिना उतरून परत गेले. रविवारी देवी बसली. आईने आपली नथ काढून नारळाला लावली, काजळाने डोळे काढले. दिलीपला उचलून समोर बसवलं. मजल्यावरची सगळी माणसं येऊन गेली. गुजराती होते, केरळचे होते, कोणी कधी कानबाई पाहिलेली नव्हती, पण देवी म्हटल्यावर हात जोडायला कोणाला शिकवावं लागत नाही. सिंधी बाईही आल्या आणि पाया पडून झाल्यावर त्या उडत्या पापडांची चौकशी करून गेल्या.

परबकाकूंना पुरणपोळी दिली, खीर दिली. त्यांची नजर रोटांच्या टोपलीकडे गेली तसा आईचा हात अडखळला. जिच्या जात्यावर दळलं तिलाच नाही म्हणायचं. मी समजावून सांगितलं, काकू, हा फक्त घरच्यांनी खायचा असतो. काकू हसल्या. "अगो, त्यात काय? आमच्यातही घराण्याचा नैवेद्य घराण्याबाहेर जात नाही. तुझ्या आईला सांग, मला वाईट नाही वाटलं." मी सांगितलं. तरी आई त्या दिवशी त्यांच्याकडे पाहीना. सोमवारी देवी न्यायची तर लिफ्टमध्ये चपला घालून माणसं उभी असतात म्हणून आई कानबाई डोक्यावर घेऊन अकरा मजले पायऱ्यांनी उतरली. खाडीला ओहोटी होती. चिखलातून पुढे जाऊन नानांनी देवीला पाण्याचा स्पर्श केला आणि प्रथेप्रमाणे नारळ परत घरी आणला. पुढल्या काही आठवड्यांत दिलीपच्या डोळ्यांचा पिवळेपणा गेला. डॉक्टरांच्या औषधाने गेला असेल. आईला ते कोण सांगणार, आणि कशाला?

मधू मात्र त्या रविवारी बाजारातून रिकामा ट्रक घेऊन परतताना दर्शन घेऊन गेला होता. त्याच्या मनात खोट नव्हती. गावात जाऊन त्याने कौतुकाने सांगितलं, नानाच्या घरी काय थाटात कानबाई बसली, बारा मजल्यांच्या इमारतीत, माणसं बघायला लोटली. हे भाऊंनी मारुतीच्या पारावर, चार लोकांत ऐकलं. मोठ्या आईने नंतर सांगितलं की ते घरी आले, हातपाय धुतले आणि एवढंच म्हणाले, "नारायन वेगया झाला," म्हणजे वेगळा झाला. मग जेवायला बसले. पण आम्हाला यातलं काही कळलं नाही. दर महिन्याला घड येतच राहिला. उलट एखादी फणी जास्तच असायची. पुढे मी कितीदा विचार केला आहे की भाऊंनी तो घड बंद केला असता तर बरं झालं असतं. निदान आम्ही ओरडलो असतो, भांडलो असतो, कोणी मध्यस्थी केली असती. भाऊ रागावलेच नाहीत. तिथेच सगळं अडलं.

दुसऱ्या श्रावणात आम्ही शुक्रवारी असोद्याला पोचलो. आई गाडीत अख्खा रस्ता बोलत होती. धडधाकट पोर देवीपुढे उभं करायचं, नवस फेडायचा. अंगणात शिरलो तर मोठी आई सूप घेऊन बसलेलीच होती. आमचे पाय धुवायला पाणी दिलं, चहा झाला, भाऊंनी दिलीपच्या डोक्यावरून हात फिरवला, त्याच्या डोळ्यांच्या पापण्या वर करून पाहिल्या, "आता बरा आहे," म्हणाले. मग ओट्यावर बसले आणि नावं घ्यायला लागले.

"भागवत." मोठ्या आईने मूठ टाकली.

"प्रल्हाद."

मोठ्या आईची मूठ हवेतच राहिली. आईने झटकन वर पाहिलं. नाना दाराच्या चौकटीला टेकून उभे होते, ते सरळ झाले.

"मुरली," भाऊ म्हणाले. मोठ्या आईने दोन्ही मुठी एकदम टाकल्या आणि मान खाली घातली. भाऊ थांबले. नावं संपली होती.

आई मोठ्या आईजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "अक्का, ह्यायचं नाव ऱ्हायलं वं. न् दिलीपचं."

 भाऊच बोलले, पण आईशी नाही, नानांशी. "नारायना, तुह्या घरी देवी बसली. नवा नारय बसला. तुहं नाव तठी घेतलं गेलं. एक नाव दोन घरी घेता येत नही, बापा."

"भाऊ, ते औंदापुरतं व्हतं," नाना म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "पोऱ्या बिमार व्हता. मी दिवसभर फोन लावत बसलो व्हतो. लागला नही."

"मले ठाव आहे. मधूनं सांगतलं. मी काही रागावलो नही."

"मंग घ्या ना नाव."

"माह्या हातात असतं तं घेतलं नसतं का? देवी बसवता येते. उठवता येत नही. बसली त्या घरी दरसाल बसवा लागते. आपल्या घरान्यात आसंच आहे. आजानं सांगतलं, बाबानं सांगतलं, मी तुले सांगतलं नही. सांगायचं काम पडलं नव्हतं." एवढं बोलून त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. मी भाऊंना रडताना पाहिलं ते तेव्हाच. नाना पायरीवर बसले. आई मात्र तशीच, पदर कपाळावर ओढून, सुपाकडे बघत राहिली. त्यात तीन माणसांचे गहू होते. सूप केवढं रिकामं दिसत होतं, एवढंच मला दिसत होतं. मला त्या वेळी भाऊंचा भयंकर राग आला. एक मूठ टाकायला काय जात होतं? आता त्या वयाला मी पोचले आहे आणि राग उरलेला नाही. ज्या माणसाने आयुष्यभर एका घरासाठी नेम पाळला, त्याला तो नेम आपल्या लाडक्या भावासाठी मोडता येत नाही. उलट लाडक्यासाठी मोडला तर तो नेम कसला? असं मी मनाला समजावते. पूर्ण पटत नाही, पण समजावते.

आमची देवी तिकडे वाट पाहत होती, म्हणजे रविवारी आम्हाला मुंबईत असणं भाग होतं. शनिवारी सकाळी निघालो. भाऊंनी घरचे गहू पोत्यात भरून दिले. "रोटाले इकतचे गहू नको घेऊ," म्हणाले. "जमीन तं एकच आहे." ते पोतं नानांनी असोद्याच्या स्टँडपर्यंत डोक्यावर नेलं, कोणाला हात लावू दिला नाही. जळगावला गाडीत बसल्यावर आई पहिल्यांदा रडली. तोंडावर पदर घेऊन, आवाज न करता, चाळीसगाव येईपर्यंत. नाना एकदाही तिला 'तुझ्यामुळे' असं म्हणाले नाहीत. त्यांच्यातला हा मोठेपणा मी त्या प्रवासात पाहिला आणि पुढे लग्न ठरवायच्या वेळी तोच शोधत बसले.

रविवारी अकराव्या मजल्यावर पुन्हा देवी बसली. परबकाकूंचं जातं, त्याच पायऱ्या, तीच खाडी. नानांनी ओट्याऐवजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून नावं घेतली. नारायण. दिलीप. संपलं. नावं मोठ्याने घ्यायची असतात, म्हणून त्यांनी ती मोठ्याने घेतली.

बुधवारी दुपारी बेल वाजली. नानांची रात्रपाळी होती, म्हणून ते घरी होते. मी दार उघडलं तर मधू, आणि त्याच्यामागे धोतर, टोपी, हातात काठी, भाऊ. जन्मात मुंबईला न आलेले भाऊ. सोमवारी आपली देवी नदीवर नेऊन आणली आणि मंगळवारी केळीच्या ट्रकमध्ये मधूच्या शेजारी बसून निघाले. रात्रभर बसून पाय सुजले होते. मधूने सांगितलं, लिफ्टमध्ये ते घाबरले नाहीत. फक्त प्रत्येक मजल्यावर विचारत होते, आठी कोन ऱ्हाते? घरात आल्यावर सरळ गॅलरीत गेले आणि खाली पाहत उभे राहिले. "लोकाच्या चुलीवर तुमची चूल," म्हणाले, "न् तुमच्या चुलीवर आजूक कोनाची. कसं ऱ्हाता रे?" मग देव्हाऱ्यातल्या नारळापुढे जाऊन दंडवत घातलं. उठताना नानांनी आधार दिला. ते का आले, हे कोणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

आईने दोन पाट मांडले, दोन ताटं घेतली. खीर पुन्हा केली, भाजी टाकली, सगळं तिने आंघोळ करून नव्याने केलं. दोघं भाऊ शेजारी बसले. आईने नानांच्या ताटात रोट वाढला आणि टोपली हातात घेऊन तिथेच थांबली. पौर्णिमा व्हायची होती, रोट अजून शिल्लक होते, ज्यांच्या शेतातल्या गव्हाचे ते होते ते समोर बसले होते, आणि वाढता येत नव्हतं.  मीही दारात उभी राहून नुसती बघत होते.

"नले," भाऊ माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुह्या मायले सांग, मले खीर वाढ म्हना. मी पाहुना आहे."

आईने टोपली खाली ठेवली आणि खीर वाढली. भाऊंनी ताटाभोवती पाणी फिरवलं. नानांनी रोट मोडला आणि त्यांचा हात आपोआप, अर्धा तुकडा घेऊन, शेजारच्या ताटाकडे गेला. असोद्याला ते दोघं असेच जेवायचे, एक रोट दोघांत मोडून. हात मध्येच थांबला. नानांनी तो तुकडा परत आणून आपल्याच ताटाच्या कडेला ठेवला, आणि तो त्यांना खाता येईना.

भाऊंनी ते पाहिलं. खीर चांगली झाली आहे, अजून थोडी वाढ, असं ते मला म्हणाले आणि ताट पुढे केलं.